इल्या मेचनिकोव्ह

इल्या इल्यिच मेचनिकोव्ह (१५ मे १८४५ – १५ जुलै १९१६) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींविषयीच्या कार्यासाठी त्यांना १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले. सर्वसामान्य लोकांत मात्र त्यांचे नाव झाले ते आंबट दुधामुळे. आतड्यात राहणारे जंतू एकमेकांना वाढू देतात किंवा रोखतात आणि या चढाओढीचा माणसाच्या आरोग्याशी संबंध असतो, हा विचार प्रयोगशाळेत तपासून पाहणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. आज ज्यांना प्रोबायोटिक म्हणतात, त्या उपकारक जीवाणूंच्या अभ्यासाचा इतिहास बहुधा त्यांच्यापासूनच सांगितला जातो.

जीवन

मेचनिकोव्ह यांचा जन्म खारकीव्हजवळच्या (आता युक्रेन) एका खेड्यात झाला. वडील सैन्यातील अधिकारी होते. खारकीव्ह विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. त्यानंतर जर्मनी व इटलीत राहून त्यांनी सागरी प्राण्यांच्या भ्रूणविकासाचा अभ्यास केला. १८७० मध्ये ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांचे खासगी जीवन या काळात अतिशय खडतर होते. १८६९ मध्ये त्यांचा ल्युडमिला फेदोरोविच यांच्याशी विवाह झाला, तेव्हा क्षयाने खंगलेल्या वधूला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. १८७३ मध्ये मदेरा बेटावर त्यांचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा प्रमाणाबाहेर झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा यांच्याशी विवाह केला. १८८० मध्ये त्यांनाही विषमज्वराने गाठले. त्या बऱ्या झाल्या, परंतु पुढच्याच वर्षी मेचनिकोव्ह यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. तो प्रयोग होता की दुसरा आत्मघात, याचे उत्तर चरित्रकारांनी दोन्ही अंगांनी दिले आहे. या आजारातून उठल्यावर त्यांची वृत्ती पालटली. पूर्वीचा निराशावादी माणूस पुढे आयुष्य कसे लांबवता येईल यावर ग्रंथ लिहू लागला.

भक्षक पेशींचा शोध

ओडेसातील राजकीय अस्वस्थतेला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये प्राध्यापकपद सोडले आणि सिसिलीतील मेसिना येथे मुक्काम केला. तेथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. १८८४ मध्ये जलपिसूंना होणाऱ्या बुरशीजन्य रोगावर त्यांनी लेख प्रसिद्ध केला; जलपिसूच्या पेशी बीजाणूंना गिळून टाकू शकल्या तर ती जगते, नाही तर मरते, असे त्यात दाखवले होते. दोन सजीवांमधील झगड्याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही दृष्टी पुढे आतड्यांच्या अभ्यासातही त्यांच्या कामी आली.

१८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही नंतर त्याच संस्थेत आले. हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि परळ येथील संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

पटकीचे प्रयोग

१८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची (कॉलरा) साथ आली. रॉबर्ट कॉख यांनी दाखवलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतूच या रोगाचे कारण असेल, तर तो पोटात गेलेले सर्वच आजारी का पडत नाहीत, हा प्रश्न मेचनिकोव्ह यांना पडला. त्यांनी त्या जंतूंचे संवर्धन स्वतः प्यायले. काहीच झाले नाही. एका स्वयंसेवकालाही काही झाले नाही, पण दुसरा मरता मरता वाचला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, हे उघड आहे. मेचनिकोव्ह यांनीही त्या तरुणाच्या प्रकृतीचा धसका घेतला होता.

याचे स्पष्टीकरण त्यांनी आतड्यातील इतर जंतूंत शोधले. संवर्धनाच्या बशीत पटकीच्या जंतूंशेजारी वेगवेगळे जंतू वाढवल्यावर काहींच्या सान्निध्यात ते जोमाने फोफावले, तर काहींच्या सान्निध्यात त्यांची वाढ खुंटली. दूध पिणाऱ्या सशाच्या पिल्लांना साहाय्यक जंतूंसह पटकीचे जंतू दिल्यास त्यांना रोग होतो, हेही त्यांनी दाखवले. यावरून रोगाचा निकाल केवळ आक्रमक जंतू आणि यजमान यांच्यात लागत नसून आधीपासून वस्तीला असलेले तिसरेही त्यात भाग घेतात, असे त्यांनी मांडले. त्यांच्या प्रसिद्धीच्या मानाने हे काम कमी वाचले जाते. वास्तविक आंबट दुधाच्या सिद्धान्तापेक्षा तेच अधिक टिकाऊ ठरले.

वार्धक्य आणि आंबट दूध

विसाव्या शतकाच्या आरंभी मेचनिकोव्ह वार्धक्याकडे वळले. वार्धक्यशास्त्रासाठी आज वापरला जाणारा जेरॉन्टॉलॉजी हा शब्द त्यांनीच १९०३ मध्ये रूढ केला. मोठ्या आतड्यात प्रथिने कुजवणारे जीवाणू फेनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये तयार करतात. ती रक्तात मिसळून शरीराला हळूहळू विषबाधा होते आणि म्हातारपण लवकर येते, असे त्यांचे मत होते. उपायही त्यांना साध्या निरीक्षणातून सुचला. मांस नासते, पण दूध विरजले की सहसा नासत नाही, कारण लॅक्टिक आम्लात कुजवणारे जीवाणू वाढू शकत नाहीत. मग आम्ल तयार करणारे जीवाणू आतड्यातच नेऊन सोडावेत, असा त्यांचा तर्क होता.

बल्गेरियन वैद्य स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये जिनीव्हा येथे दह्यातील एक दंडाकृती जीवाणू ओळखला होता. भरपूर आम्ल तयार करणारा हा बल्गेरियन जीवाणू मेचनिकोव्ह यांनी निवडला. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखलाही त्यांनी दिला, पण एका प्रदेशाचा आहार आणि तेथील आयुर्मान यांची अशी सांगड हा दुबळाच पुरावा होता. ते स्वतः कच्चे अन्न टाळत आणि उकळलेल्या दुधात शुद्ध जीवाणू घालून ते आंबवून घेत. घरोघरी लागणाऱ्या विरजणात नेमके कोणते जीवाणू असतील, याचा भरवसा नसतो. हीच अनिश्चितता त्यांना नको होती.

१९०७ च्या ग्रंथात त्यांनी हे विचार विस्ताराने मांडले आणि युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची व जीवाणूंच्या गोळ्यांची लाट आली. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्यास सुरुवात केली. मोठे आतडे निरुपयोगी आहे, या मेचनिकोव्ह यांच्या मताने अशा शस्त्रक्रियांना बळ मिळाले, ही त्यांच्या विचारांची काळी बाजू होय. त्यांचा स्वतःचा कल मात्र आतडे काढण्याकडे नसून त्यातील वस्ती बदलण्याकडे होता.

निधन

पहिल्या महायुद्धाच्या काळात हृदयविकाराने त्यांची प्रकृती ढासळली. शवविच्छेदनाच्या वेळी आपली आतडी नीट पाहावीत, असे त्यांनी सहकाऱ्याला बजावले होते. ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

उत्तरकालीन मूल्यमापन

बल्गेरियन जीवाणू आतड्यात तग धरून वस्ती करत नाही, असे येल विद्यापीठातील लिओ रेटगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि सिद्धान्ताचा तो भाग बाजूला पडला. आतड्यातील विषबाधेमुळे म्हातारपण येते, ही कल्पनाही त्या स्वरूपात राहिली नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेटसारखी उपयुक्त आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरपेशी त्यांवर पोसल्या जातात, हे आता ज्ञात आहे. या कामात जीवाणू एकमेकांवर अवलंबून असतात. बायफिडोबॅक्टेरियम गटातील जीवाणू ॲसिटेट व लॅक्टेट सोडतात आणि दुसरे जीवाणू त्यांपासून ब्युटिरेट बनवतात.

जंतू जंतूला रोखतो, हा विचार मात्र टिकला. आम्लाखेरीज बॅक्टेरिओसिन नावाची मारक प्रथिने, तसेच अन्न व जागा यांसाठीची स्पर्धा ही त्यामागची कारणे आता माहीत झाली आहेत. परंतु असे जीवाणू केवळ घातक जंतूंनाच अडवतात असे नाही. २०१८ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांना असे आढळले, की प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळ जीवाणुसमुदाय पूर्ववत होण्यास, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ लागला. प्रयोगशाळेतील संवर्धनातही लॅक्टोबॅसिलस जीवाणूंनी सोडलेल्या द्रव्यांमुळे माणसाच्या आतड्यातील इतर जीवाणूंची वाढ मंदावली.