सुगरणींच्या वसाहतीत

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले; मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असा पक्षी घरात कोणासच ठाऊक नव्हता. मामांनी भाच्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले. मुलास पक्ष्यांचे वेड लागले ते तेव्हापासून.

पुढे जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० साली ते परतले, तो वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! तेव्हा पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. कोल्हापूरकडे विहिरीवरच्या बाभळींना लोंबतात, तशीच ती घरटी. सालिम अली तासन् तास निश्चल बसून ती न्याहाळीत. नाव सुगरण असले, तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीस पसंत पडले, तरच तो ते पुरे करतो. ती अंडी उबवू लागली की हा दुसरे घरटे विणावयास घेतो. पक्ष्यांचा हा संसार त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडला आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. नोकरी टिकली असती, तर इतकी सवड त्यांना कोठून मिळती?