निकोलाय वाव्हिलोव

निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव (२५ नोव्हेंबर, १८८७:मॉस्को, रशिया - २६ जानेवारी, १९४३:सारातोव, सोव्हिएत संघ) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व जनुकशास्त्रज्ञ होते. पिकांच्या उगमकेंद्रांचा सिद्धान्त त्यांनी १९२६ साली मांडला.

संशोधन

पामीर (१९१६) व अफगाणिस्तान (१९२४) येथील कोरड्या डोंगराळ प्रदेशांत त्यांनी बियाणे गोळा केले. थोड्या अंतरावर उंची, थंडी व पाण्याची उपलब्धता बदलत असल्याने तेथे गहू, राय, जव यांचे असंख्य स्थानिक वाण टिकून असल्याचे त्यांना आढळले. दुष्काळ व रोग सोसणारी पिके घडविण्यासाठी ही विविधता जपणे त्यांना आवश्यक वाटे. लेनिनग्राद येथील त्यांच्या संस्थेत सुमारे २,५०,००० नमुने जमा झाले.

अटक व मृत्यू

जनुकशास्त्र नाकारणाऱ्या त्रोफिम लिसेन्को यांना त्यांनी विरोध केला. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली. दुष्काळ टाळण्यासाठी आयुष्य वेचलेले वाव्हिलोव सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावले. लेनिनग्रादच्या वेढ्यात त्यांचे अनेक सहकारीही भुकेने मृत्युमुखी पडले. परंतु त्यांनी संग्रहातील धान्य खाल्ले नाही. १९५५ साली वाव्हिलोव यांना निर्दोष ठरविण्यात आले. हवामान बदलाच्या काळात दुष्काळसहिष्णू वाणांच्या शोधासाठी हा संग्रह महत्त्वाचा मानला जातो.