कायिबांडा आणि ओळखपत्रावरील ओळ

मध्य आफ्रिकेतील रवांडा हा डोंगराळ, दाट वस्तीचा चिमुकला देश. प्रजेत हुतू सुमारे ८५ टक्के, तुत्सी अल्पसंख्य. दोघांची भाषा एकच, वस्तीही मिसळलेली. राजसत्ता मात्र तुत्सी घराण्याकडे होती. तरीही गुरांची श्रीमंती लाभलेला हुतू क्वचित तुत्सींत गणला जाई. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिली आणि ही वाट बंद झाली. वरच्या शाळा व सरकारी नोकऱ्या मुख्यत्वे तुत्सींच्या वाट्यास गेल्या.

अशा देशात १९२४ साली जन्मलेल्या ग्रेग्वार कायिबांडा या हुतू मुलाला शिक्षणाचे दार उघडले ते कॅथॉलिक मिशनने. पाद्री होण्याचा मार्ग सोडून ते शिक्षक झाले. पुढे मिशनच्या ‘किन्यामातेका’ या पत्राचे संपादक झाले. मार्च १९५७ मध्ये नऊ सुशिक्षित हुतूंनी जो जाहीरनामा काढला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. शाळा, जमीन व अधिकारपदे यांत वाटा मागणाऱ्या त्या जाहीरनाम्याने ओळखपत्रावरील जमातीची नोंद पुसण्यास मात्र विरोध केला. नोंद गेली की कोणाला किती मिळाले याचा हिशेबही झाकला जाईल, हे त्याचे कारण. त्या घडीला हा युक्तिवाद खोटा म्हणता येणार नाही.

१९५९च्या नोव्हेंबरात उठाव झाला. तुत्सींची घरे जळाली, हजारो लोक परागंदा झाले. १९६१ साली राजेशाही संपून कायिबांडा अध्यक्ष झाले आणि १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. राहणी साधी, स्वभाव अबोल असा हा शिक्षक आता राज्यकर्ता होता. डिसेंबर १९६३ मध्ये निर्वासित तुत्सींच्या सशस्त्र टोळ्यांनी बुरुंडीतून चढाई केली, तेव्हा सूड देशातील हजारो निःशस्त्र तुत्सींवर उगवण्यात आला. हा डाग त्यांच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही.

१९७२ साली शेजारच्या बुरुंडीत उलट घडले. तेथील तुत्सी लष्कराने हुतूंची, विशेषतः शिकलेल्यांची, कत्तल केली. मृतांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्याचे पडसाद रवांडात उमटले. शाळा-कचेऱ्यांत तुत्सींच्या नावांच्या याद्या लागल्या व विद्यार्थी, शिक्षक, कारकून हाकलले गेले. हिशेबासाठी राखलेली नोंद आता अशा कामी येऊ लागली.

एवढे करूनही सत्ता टिकली नाही. अधिकार गितारामाच्या मंडळींतच एकवटल्याने उत्तरेकडील हुतू असंतुष्ट होते. ५ जुलै १९७३ रोजी संरक्षणमंत्री हाब्यारिमाना या हुतू सेनाधिकाऱ्याने त्यांना पदच्युत केले. मृत्युदंडाची शिक्षा सौम्य झाली, तरी नजरकैद सुटली नाही. डिसेंबर १९७६ मध्ये त्याच कैदेत ते वारले. त्यांना उपाशी ठेवून मारले, असे बहुधा मानले जाते.

ओळखपत्रावरील ती ओळ हाब्यारिमानांनीही पुसली नाही. १९९४च्या एप्रिलपासून नाक्यानाक्यांवर वाटसरूंना अडवून प्रथम तीच वाचली जात होती. त्या संहारानंतर आलेल्या सरकारने ती काढून टाकली.