डॉक्टर रोझेटा हॉलबाई

रोझेटा शेरवुड यांचा जन्म सन १८६५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क प्रांती झाला. वैद्यकी शिकून सन १८९० साली त्या मेथडिस्ट मिशनच्या वतीने कोरिया देशी गेल्या. दोन वर्षांनी डॉक्टर विल्यम हॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु सन १८९४ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्योंगयांग नगरात रोग्यांची सेवा करिताना पतीस ज्वर जडला व ते प्रभूकडे गेले. बाई स्वदेशी परतल्या. तरी सन १८९७ साली दोन लेकरांसह त्या पुन्हा कोरियात आल्या. पुढील वर्षी चिमुकली ईडिथही वारली.

इतके दुःख भोगूनही त्यांचे लक्ष परक्यांच्या लेकरांकडेच लागले. त्या काळी तेथील अंधांस शकुन सांगून पोट भरण्यावाचून फारशी वाट नसे. बाईंनी एका ख्रिस्ती गृहस्थाची आंधळी कन्या हाती धरिली. तेल पाजलेल्या जाड कागदावर टाचणीने ठिपके उठवून त्यांनी कोरियन अक्षरे बोटांस वाचता येतील अशी केली. मुलगी वाचू लागली आणि पुढे स्वतः शिक्षिका झाली. अंध मुली डोळस मुलींबरोबर एकाच शाळेत शिकू लागल्या. सन १९०९ साली बाईंनी बहिऱ्या मुलांचेही शिक्षण आरंभिले.

सन १९५१ साली त्यांना देवाज्ञा झाली. सोल येथे पती व कन्येजवळ त्यांची कबर आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावी असे लेकरू असल्यास त्याच्या हाती केवळ भाकर ठेवून आपण परतू नये. त्यास शाळेचा मार्गही दाखवावा.