घरोघरी परिचारिका नेणाऱ्या लिलियन वॉल्ड

सन १८९३. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत एक तरुण परिचारिका गृहशुश्रूषेचे वर्ग घेत होती. एके दिवशी एक लहान मूल तिला आपल्या आजारी आईकडे घेऊन गेले. बाळंतपणानंतर उपचाराविना पडून असलेली ती माता पाहून लिलियन वॉल्ड यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

१० मार्च १८६७ रोजी सिनसिनाटी येथील सुखवस्तू ज्यू कुटुंबात जन्मलेल्या वॉल्ड १८९१ मध्ये परिचारिका झाल्या. सहकारी मेरी ब्रूस्टर यांच्यासह त्या गरिबांच्याच वस्तीत राहू लागल्या. बँकर जेकब शिफ यांच्या मदतीने हेन्री स्ट्रीटवर संस्था उभी राहिली. ज्याला परवडेल त्याच्याकडून त्या अल्प शुल्क घेत. शुश्रूषा ही भीक वाटू नये, हा त्यामागील हेतू होता.

केवळ दयेवर हे काम टिकणार नाही, हे वॉल्ड यांनी ओळखले होते. संसर्गामुळे शाळेतून घरी पाठवलेली मुले उपचारांअभावी घरीच राहत. १९०२ मध्ये त्यांनी लिना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर शाळांत पाठवले. प्रयोग यशस्वी ठरताच शहराने स्वतःच्या खर्चाने परिचारिका नेमल्या.

१९०९ मध्ये त्यांनी हाच हिशेब मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीपुढे मांडला. कामगार दर आठवड्याला पैसे भरून छोट्या पॉलिसी घेत. विमेदार अकाली दगावला, तर कंपनीला दावा द्यावा लागे आणि पुढचे हप्तेही बुडत. त्यापेक्षा परिचारिकेच्या भेटी स्वस्त होत्या. कंपनीचे ली फ्रँकेल यांना हे पटले. मॅनहॅटनमधील प्रयोगानंतर ही सेवा देशभर पसरली.

१९१२ मध्ये वॉल्ड सार्वजनिक आरोग्य परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

विमा कंपनीने ही सेवा १९५३ मध्ये बंद केली. साथीच्या रोगांचे मृत्यू घटले होते, प्रत्येक भेटीचा खर्च वाढला होता. ज्या हिशेबाने परिचारिका घरोघरी पोहोचल्या, त्याच हिशेबाने त्या परत बोलावल्या गेल्या. वॉल्ड यांनी मात्र विमा नसलेल्यांचे दारही कधी वगळले नव्हते. आरोग्यसेवेचा जमाखर्च मांडताना त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी.