कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

ज्या प्रांतांतील शेतकऱ्यास साधा नांगरहि परदेशांतून आणावा लागतो, तो प्रांत कितीहि सुपीक असला तरी परावलंबीच राहतो. हें ओळखून महाराष्ट्रांत यंत्रोद्योगाचा पाया घालणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें २० जून १८६९ रोजीं झाला. चित्रकलेच्या ओढीनें ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांस ओळखतां येत नाहींत असें आढळून आल्यानें त्यांना रंगकाम सोडावें लागलें. निराश न होतां त्यांनीं यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास केला व ते व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. पुढें बढती नाकारली गेली, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवीं आले व बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानांत लक्ष घालूं लागले. तेथेंच लहानसा कारखाना उभा राहिला. त्यांत प्रथम कडबा कापण्याचीं यंत्रें व नंतर लोखंडी नांगर तयार झाले.

पण नांगर खपेनात! लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं. हा नांगर खोल जातो व माती उलथून टाकतो, हें शेतांत प्रत्यक्ष दिसूं लागलें, तेव्हां तीच माणसें गिऱ्हाइकें झाली.

इतक्यांत बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें. तेथें निवडुंग माजलेला व सापांचा सुळसुळाट! १९१० सालीं त्याच माळावर किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांसहि लक्ष्मणरावांनीं तेथें विश्वासानें काम दिलें.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि पुढें लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. रणांत गर्जलेलें लोखंड अशा रीतीनें शेतांत राबूं लागलें. पुढें वाडींत पंपहि तयार होऊं लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं या उद्योगमहर्षीनें देह ठेवला.

विद्यार्थिमित्रांनो, स्वावलंबन केवळ घोषणांनीं येत नाहीं. विलायती मालाशीं टक्कर देणारा माल आपल्या हातांनीं घडवावा लागतो, आणि तो पहिल्या दिवशीं खपला नाहीं तरी भट्टी विझूं द्यावयाची नसते. लक्ष्मणरावांच्या चरित्रापासून एवढें शिकलों, तरी पुष्कळ झालें.