सुभेदार रामजीबाबा : एका पित्याचे स्मरण

बाबासाहेबांच्या चरित्रात सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या वाट्याला सहसा आरंभीची चार-दोन पानेच येतात. आम्हां शिक्षकांना ती अपुरी वाटतात. कारण रामजीबाबा स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वृत्तीने कबीरपंथी, करड्या शिस्तीचे, पण अंतःकरणाने मायाळू. चौदा अपत्यांतील शेवटचे भीमराव. त्यांच्या बालपणीच साताऱ्यात माता भीमाबाई निवर्तल्या.

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत संसारही आणि अभ्यासही. भीमराव लवकर निजत. बाबा रात्री दोनपर्यंत जागून त्यांना उठवीत आणि मगच त्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तक हवे आणि हाती पैसा नाही, असे झाले की हे स्वाभिमानी सुभेदार मंजुळा आणि तुळसा या विवाहित लेकींच्या दारी जात. पैसे नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे. पेन्शन आली की सोडवून परत केला जाई. या लेकींचे ऋण आपल्या सभांतून क्वचितच उच्चारले जाते, याची आम्हांला खंत आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे पदवीधरही. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तोच पित्याच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांनी देह ठेवला. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.